कोपरे असलेली पेशी

तिचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले की टेबलाखाली गुडघा हलायला लागायचा, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या रक्ततपासणीवाल्याच्या कपातला चहा हिंदकळायचा. "अहो कीसबाई, भूकंप आवरा जरा," असं तो दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. गुडघा क्षणभर थांबायचा, की पुन्हा सुरू.

कीसबाई हे नाव तिला इस्पितळातल्या जुन्या मोठ्या डॉक्टरांनी ठेवलं होतं. कुठल्याही गोष्टीचा कीस काढल्याशिवाय ही बाई हातातली काच खाली ठेवत नाही, म्हणून. डॉक्टर निवृत्त झाले, नाव मागे राहिलं. घरी नवरासुद्धा भांडण हरायला आलं की तेच नाव वापरायचा.

खरं तर ती शिकली होती झाडांचं. तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचणारी त्यांची नजर पोरीत उतरली होती. कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाणवनस्पतीचं पान ठेवलं, तेव्हा तिला वहीतल्या आकृतीसारखी रिकामी चौकट दिसेल असं वाटलं होतं. दिसलं भलतंच. प्रत्येक पेशीला चहूबाजूंनी स्वच्छ, जाड भित्तिका, मधोमध रसाने भरलेली मोठी रिक्तिका, आणि त्या दोघींच्या मधल्या अरुंद गल्लीतून हिरवी हरितलवकं एकामागून एक भिंतीच्या कडेकडेने फिरत होती. थांबायचं नावच नाही. मागे रांगेतल्या मुली ओरडायला लागल्या तरी ती हलेना. शेवटी बाईंनी तिला खांद्याला धरून उठवलं. "अगं, जिवंत आहे ते. उद्याही फिरणार आहे," असं बाई म्हणाल्या होत्या.

पदवी मिळाली. शाळेत शिकवायचं असं तिच्या मनात होतं, पण दोन वर्षं अर्ज करून चपला झिजल्या. मग एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शास्त्राची पदवी असलेला माणूस हवा होता, तिथे ती चिकटली. पहिल्या आठवड्यातच मोठे डॉक्टर म्हणाले, "आता झाडं विसरायची. माणसाच्या पेशीला भिंत नसते. तिच्याभोवती नुसतं एक पातळ पटल. म्हणून ती दाबली की दबते, ताणली की ताणते, आणि बिघडली की कशीही पसरते. आपल्याला ती बिघडलेली शोधायची आहे."

अठ्ठावीस वर्षं तिने तेच केलं. कुणाचा खोकून काढलेला बेडका, कुणाची लघवी, कुणाच्या छातीत साठलेलं पाणी. ते काचेवर पसरायचं, तीन रंगांत बुडवायचं, आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, शेत नांगरल्यासारखं सगळी काच बघायची. पेशीचं केंद्रक निळंजांभळं दिसतं, भोवतालचं पेशीद्रव्य गुलाबी नाहीतर हिरवट. केंद्रक आटोपशीर, गुळगुळीत कडेचं असलं तर पुढे चला. ते फुगून पेशीभर झालेलं, काळपट, फाटक्या कडेचं दिसलं, की हात थांबला पाहिजे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, कचरा पचवणाऱ्या लयकारिका हे सगळं आत असतंच. पण तिच्या सूक्ष्मदर्शकाला एवढं बारीक दिसत नसे. बंद दाराआडची माणसं दिसली नाहीत तरी घरात असतात, तसं ते धरून चालायचं.

शंका आली की काचेवर शाईचा एक ठिपका द्यायचा. ठिपका देणं तिचं काम. तो बघून निकाल लिहिणं डॉक्टरांचं. ही वाटणी तिला मनापासून आवडायची. शेवटचा शब्द आपला नाही, याचा तिला आधार वाटायचा.

त्या वर्षी मात्र सगळंच बिनसलं. तिच्या बरोबरीने काचा बघणारी मैत्रीण नोकरी सोडून गेली आणि तिची जागा भरलीच नाही. दिवसाला साठ काचा होत्या त्या नव्वद झाल्या. मोठ्या डॉक्टरांच्या जागी आलेला तरुण डॉक्टर हुशार होता, वाईट नव्हता, पण दोन माणसांचं काम एकटा ओढत होता आणि सतत उभ्याउभ्या बोलायचा. "मॅडम, झालं? मॅडम, किती राहिल्या?" त्याचं डोकं दारातून आत यायचं, आणि उरलेला माणूस बाहेरच राहायचा.

एका गुरुवारी, चार वाजून गेल्यावर, तिच्या हातात त्र्याऐंशीवी काच होती. बेडक्याची. अर्जावर लिहिलं होतं : पुरुष, वय अठ्ठावन्न, तीन महिन्यांचा खोकला, क्ष-किरण चित्रात उजवीकडे पुसट डाग. काच अर्धी झाली आणि मोठाल्या पेशींचा एक पुंजका समोर आला. चांगल्या दुप्पट आकाराच्या, आत गच्च काळपट ऐवज, कडा ठसठशीत. तिच्या हातातली शाईची काडी एकदा थांबली. काहीतरी खटकलं. काय ते कळायच्या आत दारातून डोकं आलं. "मॅडम, किती राहिल्या?"

"सात," ती म्हणाली आणि ठिपका देऊन टाकला. शेजारी आणखी दोन पुंजके होते, तिथेही दिले. कागदावर तिने "संशयास्पद" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि चौऱ्याऐंशीवी काच घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी ती पर्स खांद्याला लावून निघाली होती, तेवढ्यात डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. चक्क हसून म्हणाले, "ती कालची बेडक्याची काच. छान पकडलंत मॅडम! तीनही ठिपक्यांवर घातक पेशी. दुपारी सही केली, रिपोर्ट गेलासुद्धा."

वर्षभरात पहिल्यांदा या माणसाने तिचं कौतुक केलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिने खांद्यावरची पर्स काढून हातात घेतली.

"सर, मी प्रश्नचिन्ह काढलं होतं," ती म्हणाली.

"हो, पण उत्तर स्पष्ट होतं ना," डॉक्टर म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली तरी ती तीनदा उठून बसली. घरी आल्यावर पदर खोचून भाजी निवडायला घेतली, अर्धी टाकून दिली, मग निवडलेली टाकली आणि टाकलेली धुतली. नवरा शाळेत कवायत शिकवायचा. आयुष्यभर मुलांना "विश्राम" म्हणणाऱ्या त्या माणसाला घरात विश्राम काय तो ठाऊक नव्हता. तो म्हणाला, "अगं, बस तरी एका जागी. काय झालंय?"

"काही नाही. एक पेशी."

"एवढंच? मला वाटलं गॅस उघडा राहिला."

ती बसली. समोर विजेचं बिल पडलं होतं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तिने तो पुंजका काढायला सुरुवात केली. आठवेल तसा. एक पेशी, तिला लागून दुसरी, दोघींच्या मधल्या बेचक्यात तिसरी. कडा जाड होत्या म्हणून तिने पेन्सिल दोनदा फिरवली. नवऱ्याने चष्मा सरसावून खांद्यावरून पाहिलं.

"हे काय, फरशा बदलायच्या म्हणतेस का न्हाणीघराच्या?"

तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

फरशा. कडेला कड लावून बसवलेल्या, सहा बाजूंच्या, कोपरे असलेल्या. बेडक्यात पडलेल्या माणसाच्या पेशी अशा बसत नाहीत. त्या एकमेकींवर चढतात, एकमेकींत घुसतात, पाण्याच्या थेंबांसारख्या ओघळतात. जिला भिंत नाही तिला असा कोपरा येईल कुठून? काडी थांबली होती ती या कोपऱ्यापाशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी विसरायला सांगितलेली झाडं तिने इतकी नीट विसरली होती, की समोर झाड बसलं होतं आणि तिने त्याला माणूस समजून ठिपका दिला होता.

"अहो, मी घोटाळा केलाय," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी विनोद केला नाही.

शनिवारी प्रयोगशाळेला सुट्टी असायची; फक्त तातडीच्या रक्तासाठी एक माणूस. त्या दिवशी नेमका तो चहाच्या कपाचा रक्ततपासणीवालाच होता. सकाळी आठला तिला दारात बघून त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. तिने डॉक्टरांच्या तबकातून ती काच काढली आणि दिवा लावला. पहिला ठिपका. आता पाहिलं तर आंधळ्यालाही दिसावं असं होतं. कड एकेरी नव्हती, दुहेरी होती. मध्ये फटीसारखी रेघ, चकाकणारी. दोन शेजारणींची प्रत्येकीची आपली भिंत. आणि काळपट ऐवज म्हणजे केंद्रक नव्हतंच. ते गोलसर दाण्यांचं गाठोडं होतं, रंग पिऊन काळं झालेलं. पिष्टाचे दाणे.

पण स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता. गुरुवारी हेच डोळे होते. तिने खालचा खण उपसला. मोठ्या डॉक्टरांच्या वेळच्या, उजेडाला एकाच दिशेत गाळणाऱ्या दोन काळ्या काचा तिथे एका पाकिटात असायच्या. मुतखड्यांचे आणि स्फटिकांचे नमुने ते त्यांतून बघायचे. एक काच तिने नमुन्याखाली ठेवली, दुसरी वर, आणि वरची हळूहळू फिरवली. सगळं दृश्य विझत गेलं. गालाच्या पेशी, लाळ, सगळं काळोखात बुडालं. आणि त्या काळोखात फरशांच्या कडा पांढऱ्याशुभ्र पेटल्या. प्रत्येक दाण्यावर एक बारीक फुली चमकत होती. माणसाच्या पेशी अशा चमकत नाहीत.

"इकडे ये," ती रक्ततपासणीवाल्याला म्हणाली. "काय दिसतंय?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे. काय आहे?"

"भाजी," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

तिने डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्या खेपेला उचलला. मागे लहान मूल रडत होतं. तिने एका दमात सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच ठिपका दिलात ना?"

"हो. चुकला माझा."

"सोमवारी बघू. दोन दिवसांनी काही बिघडत नाही."

"ज्याच्या हातात तो कागद आहे, त्याचं बिघडतंय सर."

"तुम्ही काहीही करू नका. सोमवारी," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

काहीही न करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती नोंदणीच्या खिडकीशी गेली. कारकून म्हणाला, पत्ता द्यायचा नियम नाही. ती खिडकीपुढून हलेचना. गुडघ्याने लाकडी कठडा हादरवत उभी राहिली. पाच मिनिटांनी कारकून वैतागून म्हणाला, "मी पाणी प्यायला चाललोय. वही उघडी आहे, तिला काही मी बांधून ठेवू शकत नाही." तिने पत्ता टिपला आणि नमुना घ्यायच्या तीन स्वच्छ डब्या पर्समध्ये टाकल्या.

तो माणूस सलूनवाला होता. दुकान बंद होतं. शेजारच्या शिंप्याने जिन्याकडे बोट केलं. वर दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून आलेय."

"आणखी काय राहिलंय सांगायचं?" बायको म्हणाली. पण दारातून बाजूला झाली.

सलूनवाला खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र पसरून कात्र्या एकेक करून पुसत होता, सात-आठ होत्या. मोठी कुणाला द्यायची, लहान कुणाला, हे बहुधा ठरवून झालं होतं, कारण प्रत्येकीला दोरा बांधून चिठ्ठी लावलेली होती.

"गुरुवारी तुमचा नमुना मी बघितला," ती उभ्यानेच म्हणाली. "मला वाटतं आमची चूक झालीय."

कात्री पुसणारा हात थांबला. खोकल्याची एक उबळ आली, ती गेल्यावर त्याने विचारलं.

"चूक म्हणजे? दुसऱ्याचा कागद मला दिला?"

"नाही. कागद तुमचाच. पण त्यात ज्या पेशी दिसल्या, त्या तुमच्या नाहीत."

"मग कुणाच्या?" बायकोने विचारलं.

"नमुना देण्याआधी तुम्ही काही खाल्लं होतं का? चूळ भरली होती?"

सलूनवाल्याने बायकोकडे पाहिलं. "रांग केवढी होती. सकाळी सातपासून उभा. बाहेर एक बाई मटाराच्या शेंगा विकत होती. घेतल्या पावशेर. सोलून खात बसलो." तो थोडा ओशाळला. "डबी दिली तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या."

"कच्चे?"

"कच्चेच. कोवळे होते."

तिने पर्समधून ते विजेचं बिल काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा. आपल्या शरीरातली पेशी अशी कोपऱ्यांची नसते. आपल्या पेशीभोवती साबणाच्या फुग्यासारखं पातळ पटल असतं. झाडाला हाडं नाहीत, काही नाही. त्याला उभं राहायचं तर प्रत्येक पेशीलाच भिंत लागते. ही ती भिंत. आणि हे आतले दाणे म्हणजे मटाराने साठवलेलं पीठ. ते रंग पिऊन काळं दिसतं. कर्करोगाच्या पेशीतही केंद्रक असंच मोठं आणि काळं दिसतं. तिथे गफलत झाली."

सलूनवाला बिलाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मला मटाराचा कॅन्सर झालाय?"

तिला हसू फुटलं. फुटल्यावर लाज वाटली. सलूनवालाही हसला आणि त्याला पुन्हा ठसका लागला. बायको मात्र हसली नाही.

"कुणी केली ही गफलत?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी सही केली होती. कामाचा बोजा होता. दारातून डोकं आलं होतं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि तिच्या जिभेवर तयार होतं.

"ठिपका मी दिला," ती म्हणाली. "मला खटकलं होतं, तरी दिला. घाई केली."

"काल संध्याकाळपासून या घरात चूल पेटलेली नाही," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. "लेकीला फोन केला, ती दोन दिवसांच्या प्रवासाला निघालीय, पोटुशी आहे. यांनी कात्र्या वाटल्या. आणि तुम्ही सांगताय मटार."

"अगं, त्या सांगायला तरी आल्या," सलूनवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. काल एक कागद आला, त्यावर विश्वास ठेवला. आज ह्या आल्या, ह्यांच्यावर ठेवायचा. उद्या तिसरं कुणी येईल." ती कीसबाईकडे वळली. "खोकला तर खराच आहे ना? तीन महिने रात्र रात्र मी ऐकतेय तो. तो कसला?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "कर्करोग नाहीच, असंही मी आज सांगू शकत नाही. ज्या पुराव्यावर सांगितलं तो खोटा होता, एवढंच सांगते. पुन्हा बघायला हवं." तिने डब्या टेबलावर ठेवल्या. "तीन दिवस, रोज सकाळी. काही न खाता-पिता, नीट चूळ भरून, खोल छातीतून खोकायचं. उद्याचा मी स्वतः न्यायला येते."

बायकोने डब्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग डब्या उचलून आत घेऊन गेली. चहा विचारला नाही. ते ठीकच झालं. तिच्याने प्यायला गेला नसता.

रविवार तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सकाळी डबी आणून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवली. घरी येऊन सगळी कपाटं आवरली. नवरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होता आणि ती त्याच्यामागून फडकं घेऊन जात होती. शेवटी तो गॅलरीत जाऊन बसला आणि म्हणाला, "इथे येऊ नकोस. इथे मी धूळ मुद्दाम ठेवलीय."

सोमवारी डॉक्टर येण्याआधीच तिने काच लावून ठेवली होती, काळ्या काचांसकट. डॉक्टर उभ्यानेच वाकले. मग खुर्ची ओढून बसले. तिने त्यांना बसलेलं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ते बराच वेळ वरची काच फिरवत होते. काळोख, उजेड, काळोख.

"हे मला दिसायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुम्ही त्याच्या घरी गेलात."

"हो."

"नियमात बसत नाही ते. मला वर कळवावं लागेल."

"कळवा," ती म्हणाली. "आधी रिपोर्ट बदला."

त्यांनी तिच्यासमोरच नवा कागद लिहिला, टंकलिखित नाही, हाताने. आधीचा निकाल चुकीचा, वनस्पतिपेशींमुळे गैरसमज, नमुने पुन्हा तपासत आहोत. खाली सही केली आणि आणखी खाली, कुणी सांगितलं नसताना, "क्षमस्व" असं लिहिलं. कागद घेऊन स्वतः फोनकडे गेले. तिच्या नावाने लेखी समज निघायची ती दोन दिवसांनी निघालीच. तिने ती वाचून, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून, सही करून परत दिली.

तीन नमुन्यांच्या बारा काचा झाल्या. त्या तिने दोनदा बघितल्या. फुगलेलं केंद्रक नाही, फाटकी कड नाही, एकही कोपरा नाही. पण एक गोष्ट होती. फुप्फुसात शिरलेली धूळ गिळून टाकणाऱ्या ज्या मोठ्या पेशी असतात, त्या इथे गर्दी करून होत्या, आणि त्यांची पोटं गच्च भरलेली होती. पचवायच्या पिशव्या, म्हणजे लयकारिका, एकीत एक मिसळून फुगलेल्या. तिने काळ्या काचा चढवल्या. पेशी विझली, आणि तिच्या पोटात बारीक सुयांसारखे कण लखलखले.

या वेळी तिने ठिपका दिला आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल.

"हा माणूस करतो काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सलून आहे. पस्तीस वर्षं."

"पावडर," दोघंही एकदमच म्हणाले.

मानेवर, कानामागे, गालावर, दिवसातून तीस माणसांना पफने थापलेली पावडर. ती शंखजिऱ्याच्या दगडाची भुकटी. पेशीने इमानेइतबारे गिळली, पण दगड काही पचेना. साठत गेला, सूज आली, खोकला आला, चित्रात डाग आला. छातीच्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या करून तेच सांगितलं. पावडर बंद, तोंडाला मास्क, सुजेवर औषध. गेलेलं फुप्फुस परत येणार नाही, पण आहे ते टिकेल. पाच-सहा महिन्यांत खोकला निम्म्यावर आला. कात्र्यांना लावलेल्या चिठ्ठ्या त्याने काढल्या, मात्र एक मोठी कात्री जिला द्यायची ठरली होती त्या लेकीला देऊनच टाकली. गिऱ्हाइकं मान खाजवत तक्रार करायची, तो त्यांना ओला टॉवेल द्यायचा.

कीसबाईचं मात्र संपलं नव्हतं. त्या गुरुवारी घाई झाली, मग त्याआधीच्या गुरुवारांचं काय? तिने जुनी खोकी काढली. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात धरून ती झालेल्या काचा पुन्हा बघायला लागली. सात आठवडे लागले. पाचशे अठ्ठ्याऐंशी काचा. एकही चूक सापडली नाही. रक्ततपासणीवाला म्हणाला, "झालं ना समाधान?" ती हो म्हणाली, पण टेबल हलतच होतं.

मग ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली की उद्यापासून मी दिवसाला साठच बघणार. एकसष्टावी काच माझ्या टेबलावर राहील, पाहिजे तर आणखी एक समज काढा. डॉक्टरांनी वर पत्र लिहिलं. ते पत्र तीन टेबलं फिरलं. वर्ष सरताना एक नवी मुलगी रुजू झाली. तिला पहिल्या दिवशी कीसबाईने रंगाच्या बाटल्या दाखवायच्या आधी मटार, गाजर आणि कांदा यांच्या पेशी दाखवल्या. मुलीला वाटलं, आपण चुकून शाळेत आलो.

सलूनवाल्याची बायको तिला पुन्हा एकदाच भेटली. नवरा छातीच्या डॉक्टरांकडे आत गेला होता आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. कीसबाई काचांचं तबक घेऊन चालली होती. दोघींची नजरानजर झाली. कीसबाई थांबली. पाय नुसता वरखाली होत राहिला.

"लेकीला मुलगी झाली," बायको म्हणाली.

"बरं झालं. दोघी बऱ्या आहेत?"

"आहेत." ती तबकाकडे बघत होती. "अशा किती बघता रोज?"

"साठ."

"सगळ्या नीट?"

"आता बघते," कीसबाई म्हणाली. "त्या दिवशी नव्हती बघितली."

बायकोने मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं, नाही केलं असंही नव्हतं. ती बाकावर थोडी सरकली, पिशवी मांडीवर घेतली. शेजारी एका माणसाची जागा झाली. कीसबाईच्या टेबलावर अजून एकोणीस काचा राहिल्या होत्या. ती तबक सांभाळत दोन मिनिटं तिथे बसली, आणि मग कामाला गेली.